मुंबईहून काठमांडूला बिऱ्हाड हलवताना

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र दाखवून उत्तर प्रदेशच्या सीमेवरची सुनौलीची कमान चालत ओलांडता येते. त्यामुळे काठमांडूत नोकरी लागली की बोरिवली-डोंबिवलीतला माणूस सहज धरून चालतो की सामानही असंच जाईल. पॅकर्सना फोन करायचा आणि नाशिकला पाठवतो तसा ट्रक पाठवायचा. १९५० च्या भारत-नेपाळ करारानं माणसांची ये-जा मोकळी ठेवली, फ्रिज-सोफ्याची नाही. सामान दोन कस्टममधून जातं. भारताच्या दृष्टीनं ती निर्यात असते, नेपाळच्या दृष्टीनं आयात. नेपाळच्या कस्टमला तिथे सगळे भन्सार म्हणतात, आणि भन्सारचा अधिकारी ट्रकचा दरवाजा उघडण्याआधी तुमचे कागद उघडतो.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: हे काम हमालीचं कमी आणि यादीचं जास्त आहे. ट्रक, खोकी, बबल रॅप, माणसं हे सगळं पैसे मोजले की मिळतं. घरातल्या वस्तूंची नीट यादी मात्र तुम्हालाच करावी लागते, आणि कर, विमा, नुकसानभरपाई, उद्या परत येणं हे सगळं त्या यादीवर उभं असतं. निघायच्या तारखेच्या निदान दोन महिने आधी कामाला लागा.

आधी ठरवा: काय न्यायचं नाही

प्रत्येक मोठ्या वस्तूला एकच प्रश्न विचारा. हीच वस्तू काठमांडूत जुनी विकत घेतली तर किती पडेल? त्यापेक्षा वाहतूक, संभाव्य कर आणि फुटतुटीची जोखीम यांची बेरीज जास्त होत असेल, तर ती वस्तू इथेच विकावी किंवा नातेवाइकांना द्यावी. माझं स्पष्ट मत आहे की वन बीएचकेच्या सामानासाठी ट्रक करूच नये. कपडे, भांडी, पुस्तकं, देव, लॅपटॉप एवढंच घेऊन जावं आणि बाकीचं तिथे जमवावं. टू बीएचके, शाळेतली मुलं आणि तीन-चार वर्षांचा मुक्काम असेल तेव्हा ट्रकचा हिशोब जुळायला लागतो.

विजेची उपकरणं नेण्यात तांत्रिक अडचण नाही. नेपाळमध्येही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, आपले पिनही बहुतेक ठिकाणी बसतात. पण म्हणून सगळंच नेण्यासारखं नाही. काठमांडू साधारण १,४०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या घरांत एसीची गरज क्वचित पडते. तो इथेच काढून टाका. इन्व्हर्टरची बॅटरीही सोडा. ती जड असते, आत आम्ल असतं, आणि काठमांडूतलं ते कुप्रसिद्ध लोडशेडिंग २०१६ नंतर जवळपास संपलं आहे. टीव्ही न्या, पण गच्चीवरची छत्री आणि सेट टॉप बॉक्स नेऊ नका, आपल्या डीटीएच कंपन्यांना तिथे सेवा द्यायची परवानगी नाही. प्रेशर कुकर मात्र आवर्जून न्या. त्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही.

गॅस सिलिंडर ही कंपनीची मालमत्ता, तुमची नाही. एजन्सीत जाऊन सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत रक्कम परत मिळते. शेगडी नेली तरी चालते, नेपाळमध्येही घराघरांत एलपीजीच आहे आणि तोही इंडियन ऑइलकडूनच जातो.

कार आणि स्कूटर मुंबईतच विका. नेपाळमध्ये मोटारींवरचे कर इतके चढे आहेत की तिथले लोक गाडीच्या किमतीवर विनोद करतात. भारतीय नंबर प्लेटची गाडी घेऊन जाता येतं, पण रोजचं शुल्क भरून आणि वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस. ती फिरायला जायची सोय आहे, राहायला जायची नाही.

तुळशीचं वृंदावन शेजाऱ्यांकडे सोपवा. वृंदावनाला कोणी अडवणार नाही, पण माती आणि जिवंत रोप यांना क्वारंटाइनचे नियम लागतात आणि एका कुंडीसाठी अख्खा ट्रक अडकवण्यात अर्थ नाही. मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याचे कागद पूर्ण वेगळे: रेबीजच्या लसीची नोंद, पशुवैद्यकाचा दाखला आणि केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन विभागाचं आरोग्य प्रमाणपत्र. त्या विभागाचं कार्यालय मुंबईत आहे.

माळ्यावरच्या वस्तूंची चौकशी

मराठी घरांत खरी अडचण येते ती जुन्या वस्तूंची. पणजीच्या काळातली पितळी समई, देव्हाऱ्यातली मूर्ती, पोथ्या, शिसवी पलंग. यांतल्या काही वस्तू देशाबाहेर नेण्यावर कायद्यानं बंधन आहे, आणि ते नेपाळलाही लागू आहे.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं किंवा कलावस्तू ही पुरावशेष ठरते. हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू जुनी दिसते, पण तेवढी जुनी नाही अशी खात्री असेल, तर ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतं. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यापाशी आहे. फोटो आणि वस्तू दोन्ही लागतात, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. वस्तू खरोखरच शंभरी ओलांडलेली असेल तर ती धाकट्या भावाच्या घरी ठेवा आणि मनाला लावून घेऊ नका.

शिसवी फर्निचरची गोष्ट अनेकांना माहीत नसते. शिसव आणि शिसम ज्या वृक्षवंशातले, तो अख्खा वंश २०१७ पासून सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. याचा अर्थ बंदी नव्हे, पण सीमेवर प्रश्न विचारला जाऊ शकतो. घरच्या वापराच्या जुन्या वस्तूंना सवलती आहेत, त्या तुमच्या पलंगाला कशा लागू होतात हे कस्टम ब्रोकरला आधीच विचारा आणि यादीत नुसतं 'लाकडी पलंग' न लिहिता लाकडाचं नाव लिहा. चंदनाच्या वस्तू, हस्तिदंताचं काम असलेली सतार किंवा पेटी, हरणाचं कातडं, शिंगं, आजोबांनी भिंतीवर लावलेलं काहीही, ते राहू द्या. मोरपिसांची निर्यातही बंद आहे. बाळकृष्णाच्या मुकुटातलं पीस काढून ठेवा, हे ऐकायला खुळचट वाटेल, पण वन्यजीव कायदा मूर्ती कोणाची ते पाहत नाही.

यादी

आता मुख्य काम. एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा, आणि खोली-खोली करत जा. दर खोक्याला एक क्रमांक द्या आणि तो क्रमांक खोक्याच्या दोन बाजूंवर आणि झाकणावर जाड मार्करनं लिहा. दर ओळीत खोक्याचा क्रमांक, वस्तू, नग, साधारण कधी घेतली, आजची अंदाजे किंमत आणि जुनी की नवी एवढं हवं. विजेच्या वस्तूला कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबरही लिहा, तो मागच्या स्टिकरवर असतो. पॅकिंग सुरू झालं की तो स्टिकर भिंतीकडे जातो, म्हणून आधीच फोटो काढून ठेवा.

'स्वयंपाकघरातलं सामान, ६ खोकी' अशी ओळ लिहिली की सहाही खोकी उघडली जाणार असं समजा. याउलट 'खोका ११: स्टीलची पातेली ७, पितळी पातेली २, पोळपाट-लाटणं, किसणी, पुरणयंत्र, सर्व वापरलेले' असं लिहिलं की अधिकारी बहुधा एखादा खोका उघडून ताडून पाहतो आणि पुढे जातो. पुरणयंत्रासारखी वस्तू इंग्रजीत कशी लिहायची असा प्रश्न पडेल. 'हातानं फिरवायचं स्वयंपाकाचं यंत्र' अशा अर्थाचं साधं वर्णन द्या. अंदाज करायला लावणारं नाव देऊ नका.

किंमत लिहिताना दोन टोकं टाळा. काही जण घाबरून सगळ्यापुढे शून्य किंवा शंभर रुपये लिहितात. पाच वर्षांच्या वॉशिंग मशीनची किंमत शंभर रुपये हे कोणालाच पटत नाही, आणि मग भन्सार स्वतःच्या अंदाजानं किंमत धरतं. तो अंदाज तुमच्या बाजूचा असेलच असं नाही. शिवाय विमा कंपनीही नुकसान झाल्यावर याच आकड्याकडे बोट दाखवते. दुसरं टोक म्हणजे खरेदीची मूळ किंमत लिहिणं, मग कर त्यावर. आज ही वस्तू आपल्याच परिसरात जुनी म्हणून विकली तर काय येईल, तो आकडा लिहा.

लग्नात आलेला, अजून खोक्यातच असलेला मिक्सर असेल तर तो नवा म्हणून लिहा आणि बिल असल्यास जोडा. नवी वस्तू जुनी म्हणून लिहिली आणि उघडल्यावर प्लॅस्टिक निघालं, की उरलेल्या यादीवरचा विश्वासही जातो. एकाच प्रकारच्या अनेक वस्तूंचंही तसंच आहे. दहा कोऱ्या पैठण्या, चार सारखे मोबाइल, गठ्ठाभर नव्या चादरी यांचा वास विक्रीच्या मालासारखा येतो. काही वस्तू जास्त असतील तर त्या का आहेत ते एका ओळीत लिहून टाका.

नावाचा घोळ हा मुंबईकरांचा खास प्रश्न. पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, नेमणूकपत्रावर नुसतं नाव-आडनाव, घरभाडे करार बायकोच्या माहेरच्या नावानं. मालक एकच आहे हे सीमेवर तोंडी सांगून पुरत नाही. यादी, बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती), नेमणूकपत्र, घरभाडे करार, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहून घ्या. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर विवाहनोंदणीची प्रत जोडा.

यादी इंग्रजीत टाइप करा, शेवटी एकूण खोकी, एकूण अंदाजे वजन आणि एकूण किंमत लिहा, आणि खाली एक वाक्य: हे सर्व सामान माझ्या कुटुंबाच्या वैयक्तिक वापराचं असून विक्रीसाठी नाही. प्रत्येक पानावर सही करा. मग एखाद्या जाणत्याकडून तिची नेपाळी प्रत करून घ्या. नेपाळीही देवनागरीतच असल्यानं क्रमांक आणि आकडे बरोबर उतरलेत की नाही हे तुम्ही स्वतः पडताळू शकता, तेवढी सोय आहे. पाच-सहा प्रती काढा.

ट्रक ठरवण्याआधी नेपाळकडून उत्तर

बहुतेक लोक हे शेवटी करतात. आधी करा. यादीचा कच्चा खर्डा झाला की तो काठमांडूतल्या भन्सार एजंटला, किंवा तुमची कंपनी ज्या एजंटकडून कामं करून घेते त्याला पाठवा आणि लेखी उत्तर मागा: यातलं काय करमुक्त जाईल, कशावर किती लागेल, कशाला परवाना हवा. नेपाळमध्ये प्रवाशाच्या आणि वैयक्तिक वापराच्या सामानासाठी झिटीगुन्टा नावाचे वेगळे नियम आहेत. वापरलेले कपडे, अंथरूण-पांघरूण यांबद्दल फारशी खळखळ नसते, खरी चर्चा टीव्ही, फ्रिज, कॅमेरा, दागिने यांवर होते. ज्या वस्तूवर भन्सार शुल्क लागतं तिच्यावर साधारणपणे १३ टक्के व्हॅटही लागतो, आणि तो किंमत अधिक शुल्क या बेरजेवर मोजतात. हिशोब करताना हे विसरलं की आकडा चुकतो.

कराचे दर अर्थसंकल्पाबरोबर बदलतात. नेपाळचा अर्थसंकल्प त्यांच्या राज्यघटनेनुसार दरवर्षी १५ जेठला मांडला जातो, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे नेमका तोच शाळा सुटण्याचा आणि बदल्यांचा मोसम. एप्रिलमध्ये मिळालेलं उत्तर जूनमध्ये पुन्हा तपासून घ्या.

आणखी एक गोम आहे. इतर देशांत आपण राहायला आलो आहोत हे व्हिसाच्या शिक्क्यावरून सिद्ध होतं. भारतीयाला नेपाळचा व्हिसाच नसल्यामुळे तो शिक्काही नसतो. मग तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे नाही, बिऱ्हाड घेऊन आला आहात, हे दाखवणार कसं? नेमणूकपत्र, काठमांडूतला घरभाडे करार, मुलांच्या शाळेतला प्रवेश, कंपनीचं भन्सारच्या नावे पत्र, यांपैकी जितकं मिळेल तितकं जमवा. कंपनीचं पत्र नेपाळीत आणि कंपनीच्या शिक्क्यासह असेल तर उत्तम. दूतावास किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरी असेल तर सवलतींची वाट वेगळी आहे, ती संस्थाच चालवते. तुम्ही यादी देऊन मंजुरी हातात येईपर्यंत ट्रक हलवू नका.

पॅकर्सशी बोलताना

'नेपाळ? हो हो, रोज जातो' असं फोनवर सगळेच सांगतात. त्यांना घरी बोलावून सामान दाखवा आणि हे विचारा: बिल्टीवर गंतव्य ठिकाण रक्सौल (सीमेवरचं भारतीय गाव) लिहिणार की काठमांडू? सीमेवर हीच गाडी पुढे जाणार की माल नेपाळी ट्रकमध्ये चढवणार? चढवताना आमचा माणूस हजर राहू शकेल का? भारताच्या बाजूचं आणि नेपाळच्या बाजूचं कस्टमचं काम कोण करणार, आणि त्याची फी या आकड्यात आहे का? सीमेवर गाडी थांबली तर दिवसाचा खोळंबा आकार कोणाच्या माथी? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, कोटेशनच्या कागदावर घ्या. फोनवर निम्मा भाव सांगून सामान गाडीत चढल्यावर दर वाढवणारे आपल्या शहरात कमी नाहीत. सगळे पैसे आधी देऊ नका.

विम्यात एकच गोष्ट बारकाईनं वाचा: संरक्षण कुठे संपतं. देशांतर्गत वाहतुकीची पॉलिसी सीमेवर संपलेली असू शकते, आणि फुटतुटीचा मोठा धोका तर त्यापुढच्या घाटात आहे. काठमांडूतल्या घराच्या दारापर्यंतचं आणि गाडी बदलण्याच्या वेळचं संरक्षण शब्दांत लिहिलेलं हवं. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का मारतात, तो सही करण्याआधी पाहा.

ई-वे बिलावरून, म्हणजे माल नेताना जीएसटीसाठी लागणाऱ्या कागदावरून, रस्त्यात हुज्जत होते. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांत ई-वे बिलातून सूट आहे, नियम १३८ च्या परिशिष्टात तसं स्पष्ट लिहिलं आहे. ड्रायव्हरला यादीची सही केलेली प्रत आणि या सवलतीचा उल्लेख असलेलं तुमचं पत्र द्या, म्हणजे मध्य प्रदेश किंवा उत्तर प्रदेशच्या नाक्यावर त्याला फोनाफोनी करावी लागणार नाही.

सोसायटीचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. परवानगीचा अर्ज, लिफ्टचं शुल्क, दुपारची झोप. गल्लीत मोठा ट्रक शिरत नाही आणि गर्दीच्या वेळी शहरात अवजड गाड्यांना बंदी असते, म्हणून सामान बहुधा छोट्या टेम्पोतून भिवंडी किंवा कळंबोलीच्या गोदामात जातं आणि तिथे मोठ्या गाडीत चढतं. हीच पहिली निसटण्याची जागा. घरातून निघताना खोकी मोजा, गोदामात पुन्हा मोजून घ्या.

पॅकिंगचं तंत्र पॅकर्सना येतं, त्यात नाक खुपसायची गरज नाही, काही अपवाद सोडून. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट लावून घ्या, नाहीतर आतला ड्रम हिंदकळून मशीनच जातं. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून पूर्ण कोरडा करा. पुस्तकं लहान खोक्यांत भरा. लोणची, पापड, गोडा मसाला ट्रकमध्ये नको, थोडं आपल्या बॅगेत चालेल.

दागिने, मूळ कागदपत्रं, हार्ड डिस्क, रोजची औषधं आणि त्यांची प्रिस्क्रिप्शनं कधीही ट्रकमध्ये टाकू नका. सोन्याला दोन्ही देशांत वेगळे नियम आहेत, अंगावर घालता येईल तेवढंच बरोबर घ्या, त्याचे फोटो आणि सराफाचं वजन-किमतीचं पत्र ठेवा. बाकी लॉकरमध्ये. मोबाइलचे आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा, नेपाळमध्ये फोन नोंदवण्याची पद्धत आहे. ड्रोन आणि वॉकी-टॉकी यांना परवाने लागतात, ते सोडूनच द्या.

कोणत्या नाक्यावरून

मुंबईहून जाणारा ट्रक गोरखपूरला पोचला की दोन पर्याय असतात. सरळ वर नौतनवामार्गे सुनौली, पलीकडे भैरहवा. किंवा पूर्वेला बिहारमधलं रक्सौल, पलीकडे वीरगंज. अंतराचा विचार केला तर सुनौली जवळ. पण भारत-नेपाळ व्यापाराचा सर्वांत मोठा ओघ रक्सौल-वीरगंजमधून जातो. भारताच्या बाजूची एकात्मिक तपासणी चौकी २०१६ मध्ये आणि वीरगंजची २०१८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे गोदामं, वजनकाटे, एजंट सगळं तिथे मुबलक. गर्दीही तितकीच. एकच घर असलेल्या ट्रकसाठी मला सुनौली बरी वाटते. शेवटी तुमचा भन्सार एजंट ज्या नाक्यावर रोज काम करतो तोच नाका चांगला.

भारताकडून जमिनीमार्गे जाणाऱ्या मालाला निर्यातीचा कस्टमचा कागद म्हणून शिपिंग बिल नसतं, बिल ऑफ एक्स्पोर्ट असतं. ट्रकभर सामान असेल तर हे परवानाधारक कस्टम ब्रोकरकडून करून घ्या. त्याला तुमचं पॅन, पासपोर्ट, यादी आणि अधिकारपत्र लागतं. यादीच्या निदान एका प्रतीवर भारतीय कस्टमचा शिक्का घ्यायला सांगा. तो विसरला तर आठवण करा, गाडी पुढे गेल्यावर मिळत नाही.

सीमेवर

स्वतः हजर राहा. कुर्ल्याच्या टिळक टर्मिनसहून गोरखपूर आणि रक्सौलकडे थेट गाड्या आहेत, ट्रकच्या आधी एक दिवस पोचून मुक्काम करा. मालक समोर असला की प्रश्न तिथल्या तिथे मिटतात. 'हे काय आहे' याचं उत्तर ड्रायव्हर देऊ शकत नाही.

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे आणि तिथली पारंपरिक साप्ताहिक सुटी शनिवारची. आपल्याकडे रविवार. शुक्रवारी दुपारी ट्रक नाक्यावर पोचला तर दोन्ही देशांच्या सुट्यांत अडकण्याची शक्यता असते, म्हणून सोमवार-मंगळवारी पोचेल असं आखा. दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळीचा काळ, पूर्ण टाळा.

नेपाळच्या बाजूला एजंट तुमचं प्रज्ञापनपत्र (कस्टमसाठीचं मालाचं घोषणापत्र) भरतो, अधिकारी यादी पाहतो, खोकी उघडतो, किंमत ठरवतो. त्याला किंमत जास्त वाटली तर वाद घालू नका. खरेदीचं बिल आणि वस्तूची आजची अवस्था दाखवा. म्हणूनच मोठ्या उपकरणांची बिलं हाताशी हवीत, ट्रकच्या तळाशी नव्हे. ठरलेली रक्कम नेपाळी रुपयांत भरायची असते. १९९३ पासून दर स्थिर आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. दर पावतीवर तुमचं नाव आणि प्रज्ञापनपत्राचा क्रमांक तपासा, पावतीशिवाय कोणी पैसे मागितले तर एजंटला समोर उभं करून विचारा. तारखा विक्रम संवतात असतील, शेजारी पेन्सिलीनं इंग्रजी तारीख लिहून ठेवा, नंतर उपयोगी पडते.

खिशात शंभराच्या भारतीय नोटा ठेवा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळनं शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, आणि त्यानंतरही हा विषय वर-खाली होत आला आहे. शंभराची नोट मात्र हमालापासून ढाब्यापर्यंत सगळे घेतात. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत फोनपेच्या क्यूआरवर यूपीआयही चालतं. पण हे फोनपे नेपाळी, आपलं नव्हे. सीमेवरच्या घाईत यूपीआयवर विसंबू नका.

नारायणगढच्या पुढे

भैरहवा आणि वीरगंज, दोन्हीकडून येणारे ट्रक नारायणगढला एकत्र येतात आणि मुग्लिङ, नौबिसे, थानकोट करत काठमांडूच्या खोऱ्यात शिरतात. नारायणगढ ते मुग्लिङ हा त्रिशूलीकाठचा रस्ता पावसाळ्यात धोक्याचा. २०२४ च्या जुलैमध्ये सिमलताल इथे दरड कोसळून दोन प्रवासी बस नदीत गेल्या होत्या. जून अखेर ते सप्टेंबर या काळात बिऱ्हाड हलवू नये असं मी ठामपणे सांगेन, मग कंपनी काहीही म्हणो. रुजू व्हायची घाई असेल तर तुम्ही दोन सुटकेस घेऊन पुढे जा, सामान दसैं-तिहार उरकल्यावर मागवा. काठमांडूत दिवसा मोठ्या ट्रकना मोकळीक नाही, त्यामुळे गाडी रात्री किंवा पहाटे दारात येईल. घरमालकाला आणि खालच्या मजल्याला आधी सांगून ठेवा.

उतरवताना आणि नंतर

खोका आत येईल तसा यादीत खूण करा. ओला, चेपलेला किंवा पुन्हा टेप लावलेला खोका दिसला तर उघडण्याआधी फोटो काढा आणि पोचपावतीवर सही करताना तसं लिहा. 'सामान नीट मिळालं' असं छापलेल्या ओळीखाली कोरी सही करू नका. नुकसान असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यायची मुदत २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची आहे, पण इतकं थांबलात तर पुरावाच उरत नाही. फ्रिज उभा करून काही तास तसाच ठेवा, मग चालू करा.

सगळी बिऱ्हाडं कधीतरी परत फिरतात. भारतीय कस्टमचा शिक्का असलेली यादी, बिल ऑफ एक्स्पोर्टची प्रत, नेपाळचं प्रज्ञापनपत्र आणि कराच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा आणि स्कॅन करून मेलवर टाका. परत येताना हाच टीव्ही, हेच कपाट भारतातूनच गेलं होतं हे त्या शिक्क्यावरून दाखवता येतं. काठमांडूत नव्यानं घेतलेल्या वस्तूंची बिलं वेगळ्या कप्प्यात, त्यांचा हिशोब वेगळा असतो. जुन्या यादीतली एखादी वस्तू तिथे विकली, मोडली किंवा कोणाला दिली तर तिच्यासमोर तारखेसह नोंद करा. कर न भरता नेलेली वस्तू तिथे विकायची असेल तर त्याआधी भन्सार एजंटला विचारा.